दार नसलेल्या घरातली प्रार्थना

कुणी भाकरी थापता थापता, कुणी गोठ्यात शेण भरता भरता, कुणी बांधावर मोबाइलला रेडिओ लावून हे ऐकत असाल. हात थांबवू नका. आजचं बोलणं हात चालू ठेवून ऐकायचंच आहे.

मागं एका गावात बचतगटाची बैठक संपली आणि एक ख्रिस्ती मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, मला प्रार्थना येत नाही. रविवारी देवळात पाळकसाहेब करतात. घरी मालक करतात. मी नुसती डोळे मिटून आमेन म्हणते. साठी उलटली माझी, पण माझं असं काही मी देवाला कधी सांगितलंच नाही."

पलीकडं बसलेली बाई हसली. म्हणाली, "आमचं तरी काय वेगळं? मंत्र भटजी म्हणतो, पूजेला मालक बसतो, पुरणाचा घाट आपण घालायचा."

सगळ्या हसल्या. पण मावशींचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. प्रार्थना येत नाही म्हणजे काय? बोलता तर सगळ्यांनाच येतं. मग देवाशी बोलण्याचं काम बाईनं दुसऱ्याच्या हाती कधी दिलं? आणि ज्यांनी ते परत आपल्या हाती घेतलं, त्या कोण होत्या? आज मी त्याच बायकांची हकीकत सांगणार आहे. त्यातला बराचसा भाग आपल्या सातारा-सांगलीकडचा आहे. ख्रिस्ती घरातल्या बायकांची ही गोष्ट असली, तरी इतरांनीही ऐकावी अशी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशूनं प्रार्थनेविषयी एक साधी गोष्ट सांगितली आहे. लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करू नका. आतल्या खोलीत जा, दार लावा आणि कुणाला न दिसणाऱ्या देवाशी बोला. फार बडबड केली म्हणजे देव ऐकतो, असंही समजू नका.

फार मोलाचं सांगणं आहे. पण मैत्रिणींनो, आतली खोली कुणाच्या घरात होती? दोन खणांचं घर. एका अंगाला शेळी बांधलेली, एका अंगाला चूल, मधे सासू-सासरे, दीर, लेकरं. दार होतं ते एकच, आणि तेही दिवसभर उघडं. दार लावून बसलेली सून म्हणजे रुसलेली सून, असंच गाव म्हणणार.

माझी आजी मिरजेकडची. ती पहाटे जात्यावर बसायची. पहिली ओवी देवाची, मग आईबापाची, मग भावाची, मग एकेका लेकराची. ओवी बदलायची तसं कुणाचं दुखणं, कुणाचं देणं, कुणाचं लांबलेलं लग्न त्यात यायचं. लहानपणी मला ते नुसतं गाणं वाटायचं. ती तिची प्रार्थना होती, हे मला फार उशिरा कळलं. जात्याची घरघर हेच तिचं दार होतं. त्या आवाजाआड ती देवाला काय सांगते, ते पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसे.

ओवीत ख्रिस्ताची कथा गाण्याची रीत आपल्या भाषेत चारशे वर्षांची आहे. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्लंडचे एक जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले आणि तिथली भाषा शिकले. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना जन्मापासून पुराण ऐकायची सवय होती. धर्म बदलला तशी ती पुराणं सुटली आणि कानाला काही उरलं नाही. म्हणून स्टीफन्स यांनी येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. सुमारे अकरा हजार ओव्या. हे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल इथं छापलं गेलं. कानानं ऐकायचं आणि तोंडानं म्हणायचं, हा पहिला टप्पा. ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा बायकांनाही तो मोकळा होता.

आता आपल्या नदीकाठी येऊ. कृष्णामाई महाबळेश्वरला निघते, वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि खाली सांगलीला जाते. मिशनची ठाणीही याच काठानं उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला साताऱ्यात स्थिरावलं. खालच्या अंगाला प्रेसबिटेरियन मिशन होतं. कोल्हापुरात १८५२ साली सुरू झालेलं काम पुढं त्यांच्याकडे आलं, आणि मग ते सांगली-मिरजेत आलं.

या भागात जे ख्रिस्ती झाले, त्यांत मोठा वाटा गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतल्या लोकांचा होता. ज्या बाईला देवळाची पायरी चढता येत नव्हती, पाणवठ्यावर आपली घागर बुडवता येत नव्हती, तिला कुणीतरी सांगितलं की देवाशी बोलायला मधे कुणाची परवानगी लागत नाही. विचार करा, तिला काय वाटलं असेल! तिच्यासाठी हा नुसता उपदेश नव्हता. ताठ उभं राहून बोलण्याची ही परवानगी होती. खरं सांगायचं तर जात काही देवळाच्या दाराशी गळून पडली नाही. लग्न जुळवताना, पंगतीला बसताना ती पुन्हा डोकावत राहिली. पण बोलण्याचा हक्क मिळाला होता, तो परत गेला नाही.

मिशनच्या कामात त्या वेळी आपल्याच बायका गावोगाव पायी फिरत. त्यांना बायबल वूमन म्हणत. अंगणात बसून त्या शुभवर्तमान वाचून दाखवत, गाणी शिकवत, कुणाला हवं असेल तर अक्षर गिरवून घेत. ऐकण्याकडून वाचण्याकडे, हा दुसरा टप्पा. हा टप्पा सोपा नव्हता, कारण बाईनं वाचायचं म्हणजे काय, असं विचारणारं घर सगळ्या जातींत होतं.

आता ज्या बाईची गोष्ट मुख्य, ती सांगते. लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला गोखल्यांच्या घरी जन्मल्या. माहेरचं नाव मनकर्णिका. वडील सोवळ्याचे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. लहानपणीच त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. शाळा नाही. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली, पण जोडाक्षरं त्यांना जन्मभर छळत राहिली. टिळक कवी होते, विद्वान होते, मनाचे मोठे होते, आणि तितकेच संतापी आणि लहरीही होते. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात हसत हसत लिहून ठेवलंय.

१८९३ साली टिळक रेल्वेनं प्रवास करत होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो मन लावून वाचला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि बायको? तिला कुणी विचारलं नव्हतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, पदरात लहान मुलगा, आणि एका दिवसात नवरा असून नसल्यासारखा. त्या काळी धर्म बदललेल्या माणसाला घरात घेत नसत. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या. अशी चार-पाच वर्षं गेली. शेवटी त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या. नवऱ्याकडे गेल्या, नवऱ्याच्या धर्मात नाही. आपलं सोवळं, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला.

मैत्रिणींनो, या ठिकाणी जरा थांबून बघा. नवरा जिकडे, तिकडे बायको, असंच आपण धरून चालतो. गाडीला मागून बांधलेल्या वासरासारखं. पण लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाला वेळ दिला. त्या बघत राहिल्या, विचार करत राहिल्या. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. एक दिवस त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं, आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला, अन्न खायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत जाऊन.

म्हणून त्यांची प्रार्थना त्यांची होती. देवाचं नाव घरात नवऱ्याकडून आलं असेल, पण होकार त्यांचा स्वतःचा होता.

टिळकांनी आणखी एक मोठं काम केलं. मिशनच्या देवळांत तोवर परक्या चालींवर भाषांतर केलेली गाणी पुष्कळ होती. टिळकांनी अभंग आणि ओवी देवळात आणली. तुकोबांचे अभंग त्यांच्या रक्तात होते. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात, तसं टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. बापापुढं पोर उभं राहतं आणि आईच्या कुशीत शिरतं. प्रार्थना म्हणजे साहेबापुढं अर्ज, असं ज्यांना वाटत होतं, त्यांना या एका शब्दानं मोकळं केलं. टिळकांची पुष्कळ गाणी आजही 'उपासना संगीत' या पुस्तकात आहेत. आपल्याकडच्या ख्रिस्ती बायकांना ती पुस्तक न उघडता येतात. धुणं धुताना, उसाच्या खुरपणीला, एसटीची वाट बघताना त्या ती गुणगुणतात. कानानं शिकायचं आणि हात चालू ठेवून म्हणायचं. जात्याचीच रीत, फक्त जातं गेलं आणि गाणं उरलं.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला. आणि ते साताऱ्याला येऊन राहिले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, आपल्या देशी रीतीनं राहावं, भजन करावं, ध्यान करावं, सेवा करावी, अशी त्यामागची कल्पना. दरबार म्हटला की चोपदार आला, मुजरा आला. या दरबारात चोपदारच नव्हता, कुणीही यावं.

पुरुष मोठ्या कल्पनेनं घर सोडतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. पण पगार बंद झाला म्हणजे काय, हे चूल सांभाळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे असे किती तरी झटके आयुष्यभर सांभाळले होते. हाही सांभाळला. दरबाराला पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

आता खरी परीक्षा. ज्याच्यामुळे देव घरात आला, तो माणूस गेला. प्रार्थना उधारीची असती, तर ती त्याच्याबरोबरच गेली असती. पण तसं झालं नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं, येशूच्या चरित्राचं. सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या या बाईनं पुढचे अध्याय लिहायला घेतले. एक-दोन नाही, कितीतरी. नवऱ्यानं लिहिले त्याच्या कितीतरी पट. मग 'स्मृतिचित्रे' लिहिलं, ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं, आणि मराठीतल्या सगळ्यांत चांगल्या आत्मचरित्रांत गणलं गेलं. त्यांच्या कवितांच्या पुस्तकाचं नाव 'भरली घागर'. डोईवर पाणी वाहिलेल्या बाईलाच सुचेल असं नाव. १९३६ साली त्या गेल्या.

'स्मृतिचित्रे' वाचताना मला एक गोष्ट जाणवते. या बाईला खोटं बोलता येत नव्हतं. स्वतःची फजिती, नवऱ्याची चूक, आपला राग, आपली भीती, सगळं त्या जसंच्या तसं सांगतात. मला वाटतं, प्रार्थनेची खरी तयारी हीच. देवापुढं बसून आपण चांगल्या दिसायला गेलो, की प्रार्थना तिथंच संपली.

दुसऱ्या बाई पंडिता रमाबाई. त्यांचं केडगाव आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, दौंडकडे. १८५८ साली जन्म. बापानं बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी गहजब झाला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत फिरलं, आणि दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण भुकेनं गेली. पुढं लग्न झालं, तर नवराही लवकर गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले, त्यातला एक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला रमाबाईंनी नकार दिला. आपल्या लोकांना जी भाषा कळत नाही, ती अंगावर कशाला वागवायची, असा त्यांचा सवाल होता.

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात सांगितली. बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं गेली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. केवढं धीट बोलणं! जगभर नावाजलेली बाई, पंडिता म्हणून मान, आणि ती कबूल करते की माझ्या आतली खोली अजून रिकामीच होती. मग त्यांनी पुन्हा वाचायला, देवाशी बोलायला नव्यानं सुरुवात केली. तेव्हा मावशींनो, साठीला 'मला येत नाही' म्हणायची लाज वाटायचं काहीच कारण नाही. पंडितेलाही तसं म्हणावं लागलं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी त्यांच्यातल्या काहीजणींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला बोलावलं. सत्तरेक जणी आल्या. काही महिन्यांत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. जिला कालपर्यंत जगात कुणी विचारत नव्हतं, अशी मुलगी मोठ्यानं आपल्या शब्दांत देवाशी बोलू लागली. आणि रमाबाईंनी एवढ्यावर थांबवलं नाही. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल पाहिजे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनी, आणि छापलं तेही त्यांच्याच छापखान्यात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम पुरं झालं होतं.

इथं कुणी विचारेल, एवढी प्रार्थना करून या बायांचं सगळं नीट झालं का? नाही झालं. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, १९२१ साली गेली. येशूनंही पकडलं गेला त्याच रात्री, त्याआधी, बागेत प्रार्थना केली होती, की हे दुःख माझ्यापासून टळो. ते टळलं नाही. प्रार्थना म्हणजे दुकान नव्हे, पैसे टाकले की माल मिळाला. प्रार्थनेनं एवढं नक्की होतं, की दुःखाच्या वेळी बाई एकटी राहत नाही, आणि तिच्या पायाखाली उभं राहण्यापुरती जमीन राहते.

आता तिसरं ठाणं, मिरज. विल्यम वानलेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं, १८९७ पासून तिथं आपल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात झाली. वानलेसवाडी हे नाव तुमच्यातल्या पुष्कळजणींनी एसटीच्या पाटीवर वाचलं असेल. नर्सेसची किती तरी पिढ्यांची पंढरी म्हणजे मिरज. मी हे का सांगते? कारण प्रार्थनेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांनीच तिथं शस्त्रक्रियेची हत्यारं उकळून घेतली. देवाला हाक मारली आणि जखमही धुतली. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं, 'प्रार्थना कर, गोळ्या बंद कर,' तर त्याला मिरजेचं नाव सांगा. टीबीची गोळी असो, बीपीची असो, बाळंतपणाची तपासणी असो, ती प्रार्थनेच्या आड येत नाही.

तसंच दुसरं. नवरा मारतो, आणि कुणी सांगतं, 'सहन कर, प्रार्थना कर.' रमाबाईंनी प्रार्थना केली आणि घर नसलेल्या बायकांसाठी घर बांधलं. गप्प बसवणारी प्रार्थना त्यांना ठाऊक नव्हती. प्रार्थना करा, आणि मदतही मागा. गटातल्या बाईला सांगा, पोलिसपाटलाला सांगा, आशाताईला सांगा.

मग आपण सुरुवात कशी करायची? या बायकांच्या आयुष्यातून मला जे दिसलं, ते सांगते.

पहिलं, वेळ आपल्या कामाला बांधा. वेगळा वेळ शोधायला गेलात तर तो मिळणार नाही. चूल पेटवताना, पाण्याचा नंबर लागेपर्यंत, दूध काढताना. रोजचं एकच काम धरा. हळूहळू ते काम हातात घेतलं की मन आपोआप तिकडं वळतं.

दुसरं, आपली भाषा. पाळकांची भाषा वापरायची गरज नाही. माणदेशी बोलत असाल तर माणदेशी, कुणाच्या घरी कानडी असेल तर कानडी. भावाला फोनवर जसं बोलता, तसं.

तिसरं, खरं बोला. जुन्या करारात हन्ना नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिला मूल नव्हतं, आणि सवत येता-जाता टोमणे मारायची. नवरा बिचारा म्हणायचा, मी आहे ना तुला. पण त्यानं तिचं रडू थांबत नसे. शेवटी ती देवाच्या मंदिरात गेली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिथल्या म्हाताऱ्या याजकाला, एलीला, वाटलं की ही दारू पिऊन आली आहे! तिनं शांतपणे सांगितलं, महाराज, मी प्यायलेले नाही, मी माझं दुःख देवापुढं ओतते आहे. मग याजकालाच आपलं म्हणणं मागं घ्यावं लागलं. बाई आपल्या शब्दांत देवाशी बोलली की आजूबाजूच्यांना कधी कधी ते कळत नाही. कळलं नाही तरी चालेल. रडू आलं तर येऊ द्या. राग असेल तर रागही सांगा. बायबलच्या स्तोत्रांत देवाकडे केलेल्या तक्रारी पानोपानी आहेत.

चौथं, नावं घ्या. आजीच्या ओव्यांसारखं एकेकाचं. आणि रोज एक नाव असं घ्या, की जे घेताना जीभ जड होते. जाऊबाईचं असेल, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचं असेल. त्यानं शेजारी सुधारेल न सुधारेल, आपल्या पोटातली आग तरी थोडी निवते.

पाचवं, थोडं गप्प बसा. आपणच बोलत राहिलो तर ऐकणार कधी? ज्यांना वाचता येतं, त्यांनी शुभवर्तमानातल्या चार ओळी वाचाव्या आणि दिवसभर मनात घोळवाव्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी नातीकडून वाचून घ्याव्या. नातीचंही भलं होईल.

त्या मावशींना मी एवढंच सांगितलं होतं, की उद्या सकाळी चुलीपुढं बसाल तेव्हा एक वाक्य बोला. एकच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला त्या भेटल्या. हप्ते भरून झाले, वही मिटली, आणि त्या म्हणाल्या, "बोलले बरं का मी." आम्ही विचारलं, काय बोललात? तर लाजत म्हणाल्या, "काय बोलायचं सुचेना. मग म्हटलं, देवा, माझी कंबर लई दुखते."

सगळ्या हसल्या. मग हसू ओसरलं, आणि मावशी खाली बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुखते. आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं."

मग कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, दवाखान्यात येता का माझ्याबरोबर? सोमवारी जायचंय मला."